त्वचा प्रयोगशाळेत वाढवायची की आधी त्वचापेढी काढायची?

बालाघाट_बीड: हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी १९७५ मध्येच माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेले दोन लहान भाऊ स्वतःच्याच पेशींपासून अशी वाढवलेल्या त्वचेवर वाचले. एवढी वर्षं झाली, मग छत्रपती संभाजीनगरात असं केंद्र का नको? दरवेळी मुंबईच गाठायची का?

गंगाखेडकर: दादा, मागणी रास्त आहे, पण तेवढी त्वचा वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर उघड्या अंगात जंतुसंसर्ग होऊन माणूस हातचा जातो त्याचं काय? आधी त्वचापेढी पाहिजे, म्हणजे दान केलेली त्वचा साठवून जखम झाकायला देणारी पेढी. मरणानंतर सहा तासांच्या आत मांडी-पाठीचा वरचा पातळ थर काढतात, ग्लिसरॉल नावाच्या घट्ट द्रवात तो काही वर्षं टिकतो, रक्तगटही जुळवावा लागत नाही.

उदगीरचा_पाहुणा: सहा तास? आमच्याकडं मयतीला पुण्याचा लेक पोचेस्तोवर तेवढे जातात. त्यात कातडीचं नाव काढून बघा, भावकी अंगावर येईल.

सिस्टर_नांदेड: भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केलंय म्हणून बोलते. जखमेला चिकटलेली पट्टीची जाळी सलाइननं भिजवून हळूहळू सोडवायची, पेशंट चादर मुठीत धरून ओरडतो. दान केलेल्या त्वचेनं जखम झाकली की हा त्रास बराच कमी होतो. पण ती काही आठवड्यांत सुटते. नंतर स्वतःचीच लागते, आणि सत्तर टक्के भाजलेल्याची काढणार कुठून? तिथं बालाघाट भाऊंचं बरोबर आहे.

गंगाखेडकर: ताई, पण ती वाढवलेली त्वचा नुसता वरचा थर असते. नाजूक, फोड येतात, घामाच्या ग्रंथी नाहीत. मे महिन्यात परभणीच्या उन्हात ऊसतोडवाल्यानं करायचं काय?

सिस्टर_नांदेड: पेशंटच्या स्वतःच्या मांडीचा पातळ थर लावला तरी घाम येत नाहीच की! हे काय कारण झालं?

गंगाखेडकर: बरं, घामाचं सोडा. पेढीला साधा फ्रीज पुरतो. पेशींना निर्जंतुक खोली आणि चोवीस तास ३७ अंश लागतात. आपल्याकडं वीज किती वेळा जाते ते सांगू का?

बालाघाट_बीड: विजेचं रडगाणं किती दिवस गायचं? जर्मनीत कातडीचा जन्मजात आजार असलेल्या सात वर्षांच्या मुलाला जनुक दुरुस्त केलेली त्वचा लावली, जवळजवळ ८० टक्के अंगावर. २०१७ मध्ये ते जाहीर झालं. ती वाढवली होती इटलीत. इथून पेशंटच्या त्वचेचा तुकडा पाठवायचा, तिकडून त्वचा मागवायची.

गंगाखेडकर: मागवा की. पार्सल येईस्तोवर पेशंटच्या अंगावर काय घालणार, तेवढं लिहा.