मदत हवी आहे: पूर्व आफ्रिकेत लोक मोबाईलवर नक्की काय वापरतात?

शिरोलीकर
मंडळी, जरा तातडीचं आहे. पूर्व आफ्रिकेत फेसबुक चालतं, इन्स्टाग्राम चालतं की तिसरंच काही? आमची वेबसाइट तयार आहे, जाहिरात सुरू आहे, दर आठवड्याला पैसे कटतायत, पण चौकशी येत नाही. आली तर एखादा मेसेज टाकून माणूस गायब. जाहिरातवाला म्हणतो, लोक साइटवर येतात पण थांबत नाहीत. सोमवारी त्याला पुढच्या महिन्याचं बजेट सांगायचंय. तिकडे राहिलेल्या कुणीतरी स्पष्ट सांगा. "आधी मार्केटचा अभ्यास करा" असं कृपा करून लिहू नका, तोच करतोय.

मीनल_वाकड
पूर्व आफ्रिका म्हणजे कुठला देश? विकताय काय? गिऱ्हाईक दुकानदार की थेट वापरणारा? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय? साइटची लिंकही द्या.

निर्यातमित्र
आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, काढलाय ना? समजा केनियाला माल पाठवायचाय, तर तो निघण्याआधी तपासणी करून अनुरूपतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला पीव्हीओसी म्हणतात. युगांडा आणि टांझानियाचीही तशीच व्यवस्था आहे. माझ्या ओळखीतल्या एकाचा कंटेनर या एका कागदासाठी मोंबासा बंदरात अडकून पडला होता. आधी हे बघा, जाहिरात नंतर.

शिरोलीकर
ते सगळं आहे हो. वडिलांच्या काळापासून माल तिकडे जातोय, फक्त मधे मुंबईचा व्यापारी असायचा. आता थेट विकायचंय. माल म्हणजे हॅमर मिल, मक्याचं पीठ करायची गिरणी. केनिया, युगांडा, टांझानिया आणि इथिओपिया. चारही देशांत एकच जाहिरात, फेसबुकवर. मीनलताई, लिंक व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवलीय.

स्टार्टअप_सागर
सरळ लिंक्डइनवर जा. मशिनरी म्हणजे धंद्याकडून धंद्याला विक्री. आम्हाला नैरोबीतून दोन कंपन्या लिंक्डइनवरच मिळाल्या. शिवाय स्वतःचं ॲप काढा, नोटिफिकेशन पाठवता येतं.

नैरोबीवाला
सागर, तुम्ही सॉफ्टवेअर विकता. गिरणी घेणारा माणूस लिंक्डइनवर नसतो आणि गिरणीसाठी ॲप तर कुणीच उतरवून घेणार नाही.

बरीच वर्षं नैरोबीत राहिलोय आणि कामासाठी गावोगाव फिरलोय, म्हणून सविस्तर लिहितो. तिकडे गिरणीला पोशो मिल म्हणतात. बायका मका घेऊन येतात, मोजायला गोरोगोरो म्हणजे दोनेक किलोचा डबा असतो. गिरणीवाल्याच्या खिशात बहुतेक वेळा बटणांचा फोन, फारतर टेक्नो किंवा आयटेलचा एखादा स्वस्त स्मार्टफोन. दळणाचे पैसे एम-पेसावर, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेवर येतात. एसएमएस वाजला की तो पिठाचा हात पँटला पुसून रक्कम वाचतो, वहीत लिहितो आणि मगच पुढचा डबा ओततो. या सगळ्यात इंटरनेट कुठेच नाही. सफारीकॉम या तिथल्या मोबाईल कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू केलं ते साध्या फोनवर, सिममधल्या मेनूवर चालणारं. म्हणून तिथला माणूस पैशाच्या बाबतीत पक्का डिजिटल आहे आणि तरीही तुमच्या साइटवर येत नाही. आपल्याकडे फोनवरून पैसे म्हणजे स्मार्टफोन आणि नेट आलंच असं आपण धरून चालतो. तिकडे तसं नाही.

दुसरी गोष्ट बंडलची, म्हणजे डेटा पॅकची. डेटा घेतात तो दिवसाचा, कधी तासाचाही. व्हॉट्सॲपपुरतं बंडल वेगळं मिळतं. ते असलं की व्हॉट्सॲप चालतं आणि तुमच्या साइटची लिंक दाबली की पान उघडत नाही. माणूस थांबत नाही, कारण त्याच्याकडे थांबायला डेटा नसतो.

मीनल_वाकड
आत्ता साइट फोनवर उघडली. पहिल्याच पानावर कारखान्याचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आपोआप सुरू होतो, त्यानंतर संस्थापकांचा संदेश, मग प्रमाणपत्रांचे मोठे फोटो. किंमत नाही, ताशी किती किलो दळते ते नाही. फोन नंबर सर्वांत खाली. तोही +९१. मशीन चालताना दिसते ती मिरची कांडताना!! मका कुठाय?

शिरोलीकर
व्हिडिओ इथल्या प्रदर्शनासाठी केला होता, तोच टाकला. मशीन तीच आहे, चाळण बदलली की मका.

नैरोबीवाला
हे तुम्हाला माहीत, मचाकोसच्या गिरणीवाल्याला कसं कळणार? त्याला पांढरा मका आत जाताना आणि पीठ बाहेर पडताना दिसलं पाहिजे. डिझेलवर चालते का, सिंगल फेजवर चालते का, हे त्याचे पहिले दोन प्रश्न असतात.

आकडेवाला
भावनेपेक्षा आकडे बघा. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातले ६८ टक्के लोक ऑनलाइन होते, आफ्रिकेत ३८ टक्के. म्हणजे दहातले सहा जण नेटवर नाहीतच. ऑनलाइन जाहिरात हा पैशाचा अपव्यय आहे. रेडिओवर द्या, तिकडे रेडिओ जोरात आहे.

कंपालाकाकू
आकडा बरोबर आहे, पण तो आयटीयूच्या अख्ख्या आफ्रिका विभागाचा. त्यात दक्षिण आफ्रिका आली आणि चाड, बुरुंडीही आले. त्यावरून केनियाबद्दल काय कळणार? शिवाय नेटवर नसलेल्यांतले बरेच जण सिग्नल असलेल्या भागातच राहतात. फोन महाग, डेटा महाग, नाहीतर वापरता येत नाही, ही कारणं. म्हणूनच केनियात रोज थोडे थोडे शिलिंग भरून हप्त्यावर फोन घेतात. एम-कोपासारखी कंपनी हेच करते, हप्ता चुकला की फोन लॉक.

शिरोलीकर, मी युगांडाबद्दल सांगते, कारण यांची बदली कंपालाला होती तेव्हा आम्ही तिथेच होतो. युगांडात फेसबुक जानेवारी २०२१ च्या निवडणुकीपासून बंद केलेलं आहे. तुमच्या जाहिरातवाल्याने हे सांगितलं नाही का? लोक व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून नेट वापरतोय असं भासवणारं ॲप) लावून वापरतात, पण मग जाहिरातीच्या यंत्रणेला ते दुसऱ्याच देशात बसलेले वाटू शकतात. त्याआधी २०१८ च्या जुलैपासून समाजमाध्यमांवर दिवसाला २०० शिलिंग कर होता, व्हीपीएनची सवय तेव्हाचीच. २०२१ मध्ये तो कर काढला आणि डेटावर १२ टक्के लावला. आमच्याकडे काम करणारी मुलगी कर भरायचा की भाजी आणायची असा हिशेब करायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे "काय हो, नेटवर नसता का" असं तिथे कुणाला विचारवत नाही.

शिरोलीकर
युगांडाचं खरंच माहीत नव्हतं. चार महिने त्या देशाचे पैसे लावतोय!

स्टार्टअप_सागर
जाहिरातवाला बदला. बाकी रेडिओचा सल्ला आजच्या काळात हास्यास्पद आहे.

आकडेवाला
हास्यास्पद काय त्यात? गावातल्या गिरणीवाल्यापर्यंत रेडिओच पोहोचतो. नैरोबीवाल्यांनीच वर सांगितलं की फोन बटणांचा आहे.

नैरोबीवाला
तुम्ही दोघं वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताय. गिरणीवाला कोल्हापुरातून यंत्र मागवणार नाही, तो तालुक्याच्या दुकानातून घेणार. दुकानदार नैरोबीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून, किरिन्यागा रोडकडून वगैरे. शिरोलीकरांचा खरा ग्राहक तो व्यापारी. त्याच्याकडे चांगला फोन आहे, वायफाय आहे, दिवसभर व्हॉट्सॲप सुरू असतं. गिरणीवाल्यासाठी रेडिओ लावायचा तर व्यापाऱ्याने लावावा, तेही माल गोदामात आल्यावर.

एकटा_प्रवासी
अवांतर: पुढच्या महिन्यात मसाईमाराला चाललोय. सिम कुठलं घेऊ? एअरटेल आपलंच आहे ना तिकडे?

निर्यातमित्र
हो, एअरटेलच्या भारती कंपनीने २०१० मध्ये झेन या मोबाईल कंपनीचा आफ्रिकेतला धंदा विकत घेतला तेव्हापासून. पण तुमचं इथलं सिम तिथे घरच्यासारखं चालेल असं समजू नका, रोमिंगच लागेल.

कंपालाकाकू
सिमसाठी वेगळा धागा काढा ना. इथे माणसाचे पैसे जातायत.

पोरगं_टांझानियातलं
दारेसलामला नोकरीला आहे, म्हणून माझेही दोन शब्द. इथे दुकानं इन्स्टाग्रामवर चालतात. कारियाकू बाजारातला व्यापारी फोटो टाकतो, खाली व्हॉट्सॲप नंबर, बास. मजकूर स्वाहिलीत. इंग्रजीवर केनियात निभावतं, इथे नाही. आणि टायपिंगपेक्षा व्हॉइस नोट. माणूस मिनिटभर बोलतो, आधी ख्यालीखुशाली, मग भाव. उत्तरही आवाजातच गेलं पाहिजे. नुसता "प्राइस लिस्ट अटॅच्ड" असा मेसेज गेला की पुढचं बोलणंच संपतं. दादा, तुमची माणसं "मेसेज टाकून गायब" होतात म्हणालात, तुम्ही उत्तर काय पाठवता?

शिरोलीकर
पीडीएफ पाठवतो, चोवीस पानांची. आणि ईमेल मागतो.

पोरगं_टांझानियातलं
पीडीएफ नको, दादा. एक फोटो, एक लहान व्हिडिओ, मोंबासा किंवा दारेसलाम बंदरापर्यंतचा भाव आणि तुमचा आवाज.

मीनल_वाकड
आपल्याला हे सुचत नाही याचं कारण जिओ. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा इतका स्वस्त झाला की दुसऱ्याचा डेटा खर्च होतो हे डोक्यातच येत नाही. साइट बनवणारी इथली मुलं तर त्यानंतरच वाढलीत.

स्टार्टअप_सागर
टिकटॉकचं कुणी बोललंच नाही. केनियात प्रचंड चालतं. २०२४ च्या जूनमध्ये वित्त विधेयकाविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली, ती टिकटॉक आणि एक्सवरून एकत्र आली होती.

नैरोबीवाला
हे मात्र बरोबर बोललात. यंत्र चालतानाचे व्हिडिओ तिथे भरपूर बघतात, शेती आणि कोंबड्यांचेही. पण भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी आहे, शिरोलीकरांना शिरोलीत बसून खातं चालवता येणार नाही. आपले निर्यातदार त्यामुळे हे माध्यम विसरूनच गेलेत आणि चिनी यंत्रवाल्यांना मैदान मोकळं मिळालं. तिथल्या व्यापाऱ्यालाच त्याच्या खात्यावर टाकू द्या. पीठ कसं पडतंय ते त्याच्या भाषेत त्यानेच सांगावं.

शिरोलीकर
आणि पैसे? एक जण म्हणाला एम-पेसावर आगाऊ पाठवतो.

निर्यातमित्र
घेऊ नका. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेतून यायला हवेत आणि बिलाशी जुळायला हवेत, नाहीतर बँक पुढे त्रास देते. शिवाय एम-पेसाला एका व्यवहाराची मर्यादा अडीच लाख शिलिंग आहे. व्यापाऱ्याने गिरणीवाल्याकडून एम-पेसावर घ्यावेत, तुम्हाला त्याच्या बँकेतून डॉलर.

कंपालाकाकू
इथिओपिया आत्ता बाजूला ठेवा. तिथे परकी कंपनी मोबाईल सेवेत उतरली तीच २०२२ मध्ये, पैशाचं ॲप वेगळं, टेलिबिर. टेलिग्राम जास्त वापरतात, लिपीही वेगळी. चारही देशांना एका जाहिरातीत कोंबू नका.

शिरोलीकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. असं ठरवतोय: युगांडा आणि इथिओपियाची जाहिरात आजच बंद. केनियाची जाहिरात दाबली की साइटवर न जाता थेट व्हॉट्सॲप उघडेल. टांझानियाला इन्स्टाग्राम, स्वाहिलीत. उद्या कारखान्यात पांढरा मका आणून व्हिडिओ घेतो, डिझेल इंजिन जोडून. साइटवरचा ड्रोन काढून टाकायला सांगितलंय. आता एकच अडचण, स्वाहिलीत बोलणार कोण? आणि +९१ नंबर चालेल का?

नैरोबीवाला
चालेल, पण फोन करणं त्याला महाग पडतं आणि अनोळखी परदेशी नंबरवर आगाऊ रक्कम द्यायला तो कचरतो. जाहिरातीत तिथल्या व्यापाऱ्याचा +२५४ नंबर द्या, तुमचा खाली. वेळही लक्षात ठेवा, आपण अडीच तास पुढे. ते दुकान आवरून निवांत फोन बघतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असतात. तोवर कुणालातरी जागं ठेवा.

पोरगं_टांझानियातलं
आवाजाचं मी बघतो, ऑफिसातला एक जण चांगला बोलतो. दादा, ताशी किती किलो, किती हॉर्सपॉवर आणि सुटे भाग कुठे मिळतील हे लिहून व्यनि करा. सुट्या भागांचं नक्की लिहा, इथे पहिला प्रश्न तोच येणार.