‘नेटिव्ह’ प्राण्यांना मराठीत काय म्हणावं? स्थानिक, देशी, मूळचे की देशज?

धागाकर्ती:

मैत्रिणीकडे मेलबर्नला आले आहे. काल तिने आणि तिच्या नवऱ्याने हील्सव्हिल सँक्च्युअरी दाखवली. शहरापासून गाडीने तासाभरावर, यारा नदीच्या खोऱ्यात, उंचच उंच निलगिरींच्या सावलीत हे प्राणिसंग्रहालय आहे. १९३४ पासून लोकांसाठी खुलं. इथे वाघ-सिंह, हत्ती-जिराफ काही नाहीत. सगळे ऑस्ट्रेलियातले: कांगारू, वॉलबी, कोआला, वॉम्बॅट, काटेरी अंगाचा एकिडना, रानटी कुत्रा डिंगो. मी सर्वात जास्त वेळ रेंगाळले ती बदकासारख्या चोचीच्या प्लॅटिपसच्या अंधाऱ्या दालनात. पाण्यात शिरला की हा प्राणी डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटून घेतो आणि भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारे विजेचे सूक्ष्म संकेत चोचीने टिपत तळ धुंडाळतो. बंदिवासात प्लॅटिपसचं पहिलं पिल्लू जन्मलं तेही इथेच, १९४३ मध्ये, प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांच्या देखरेखीखाली.

आमच्या निसर्गमंडळाच्या भित्तिपत्रकासाठी या दिवसावर लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. तिथल्या पाट्यांवर पावलोपावली ‘नेटिव्ह’ हा शब्द आहे. त्याला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोशातले पर्याय माहीत आहेत. वाक्यात कोणता शोभतो ते हवंय.

पुणेकर वाचक:

‘स्थानिक’. सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

मेलबर्नवासी:

स्थानिक पुरणार नाही. आमच्याकडे ससे आहेत, कोल्हे आहेत, ते पिढ्यान् पिढ्या इथेच जन्मताहेत. आज ते स्थानिकच की! पण नेटिव्ह नाहीत. ससे १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आपल्या इस्टेटीवर शिकारीसाठी सोडले, आणि पुढे त्यांनी जवळजवळ अख्खा खंड व्यापला. १८६१ मध्ये तर इथे परदेशी प्राणी आणून वसवण्यासाठी चक्क एक सोसायटी स्थापन झाली होती. त्याच दशकात सांबर आणलं. हो, आपलं सह्याद्रीतलं सांबर. हील्सव्हिलच्या आसपासच्या डोंगरांत ते आज इतकं झालंय की कोवळी झाडं खाऊन, सालं सोलून रानाची नासाडी करतं. ताडोब्यात ज्याच्यासाठी आपण जिप्सी थांबवतो, ते इथल्या वनरक्षकांना नकोसं आहे.

दुसरी साळुंकी. तीही त्याच सुमारास आणली, भाजीच्या मळ्यांतले किडे खाण्यासाठी. आता झाडांच्या ढोल्या बळकावते आणि इथल्या पोपटांना घरटी करायला जागा उरत नाही. लोक तिला ‘इंडियन मायना’ म्हणतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण तक्रार खरी आहे. जगातल्या सर्वात त्रासदायक आगंतुक जातींची जी शंभराची यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात पक्षी तीनच, आणि त्यांतली एक साळुंकी. मजा म्हणजे नावाने तिच्याजवळ जाणारा ‘नॉइझी मायनर’ हा वेगळाच पक्षी अस्सल इथला आहे.

नागपूरहून:

मग ‘देशी’ घ्या. आपण देशी झाडं, विदेशी झाडं असं सर्रास म्हणतो. वड, पिंपळ, कडुनिंब देशी. गिरिपुष्प, सुबाभूळ विदेशी.

धागाकर्ती:

झाडांपुरतं चालतं, पण ‘देशी’ प्राण्याला लावलं की गोठा समोर येतो. देशी गाय म्हटलं की खिलार, देवणी, डांगी. कोंबडी असेल तर गावठी किंवा गावरान. रानातल्या जनावराला आपण देशी म्हणत नाही. कुणी ‘देशी बिबट्या’ म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. दुसरं म्हणजे मेलबर्नमध्ये ‘देशी’चा अर्थच भारतातलं. देशी किराणा, देशी मिठाई. इथे ‘देशी पक्षी’ म्हटलं तर ऐकणारा साळुंकीकडेच बोट दाखवेल, म्हणजे नेमकं उलट.

कोकणातून:

‘मूळचा’ का नको? निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. आमच्या किनाऱ्यावरची सुरूची बनंही बाहेरचीच, आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरून आलेली. लाल मातीच्या माळांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तर नावातच पत्ता घेऊन आलीये. निलगिरीचं मात्र उलट झालं. नाव इथल्या डोंगरांचं, झाड तिकडचं. म्हणून कोआला निलगिरीचा पाला खातो म्हटलं की आमच्याकडची मुलं विचारतात, मग तो आपल्याकडे का नाही?

धागाकर्ती:

तुमच्याच उदाहरणांत उत्तर आहे. ‘मूळचा’ आपण वापरतो तो गाव सोडलेल्यांसाठी. ‘ते मूळचे वाईचे’ म्हटलं की ते आता वाईला नाहीत हे न सांगता कळतं. माझी मैत्रीण मूळची साताऱ्याची. निलगिरी आपल्याकडे मूळची ऑस्ट्रेलियाची आणि सांबर व्हिक्टोरियात मूळचं भारताचं, इथपर्यंत शब्द अगदी चपखल. पण ऑस्ट्रेलियातच बसलेल्या कोआलाला ‘मूळचा ऑस्ट्रेलियाचा’ म्हटलं तर तो दुसरीकडे कुठे गेलाय असं वाटतं.

वनस्पतिशास्त्राची शिक्षिका:

शास्त्रीय लेखनात ‘प्रदेशनिष्ठ’ हा सुंदर शब्द रुजलाय. कास पठारावर लिहिणारे तो नेहमी वापरतात.

मेलबर्नवासी:

शब्द उत्तम, पण अर्थ अरुंद. प्रदेशनिष्ठ म्हणजे त्या प्रदेशात आढळणारा आणि निसर्गात बाहेर कुठेच न आढळणारा. प्लॅटिपस पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातच, म्हणून ऑस्ट्रेलियाला प्रदेशनिष्ठ. लेडबीटर्स पॉसम हा झाडांवरचा छोटा प्राणीही फक्त ऑस्ट्रेलियातच; तो आणि व्हिक्टोरियाचा राज्यपक्षी हेल्मेटेड हनीईटर या दोघांना जगवण्यासाठी हील्सव्हिलला मनापासून काम चाललंय. पण काल यांनी पाहिलेला आखूड चोचीचा एकिडना न्यू गिनीतही आढळतो. तो ऑस्ट्रेलियाचा नेटिव्ह आहे, प्रदेशनिष्ठ नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरक पुसला जाईल, आणि तो पुसू नये.

शिक्षिका:

मान्य. मग मी ‘देशज’ सुचवते. शाळेच्या व्याकरणात तत्सम, तद्भवच्या बरोबर देशी किंवा देशज शब्द शिकवतो. झाड, दगड, धोंडा वगैरे. बाहेरून न येता त्या मातीत निपजलेलं, हा अर्थ त्यात आधीच आहे. ‘देशी’ला चिकटलेला गोठा आणि किराणा ‘देशज’ला चिकटलेला नाही. आणि कुठल्याही देशापुढे लावता येतो: ऑस्ट्रेलियातले देशज प्राणी.

पुणेकर वाचक:

जुन्या मराठीत ‘एतद्देशीय’ होता ना?

शिक्षिका:

होता, इंग्रजी अमलात ‘नेटिव्ह’ माणसांसाठी भरपूर वापरला गेला. पण ‘एतद्’ म्हणजे ‘हा’. मेलबर्नहून पुण्यासाठी लिहिताना ‘हा देश’ कोणता? शिवाय तो शब्द राज्यकर्त्यांच्या नजरेतून माणसांना लावलेला आहे. प्राण्यांना लावायला माझं मन धजत नाही.

कोकणातून:

देशज आवडला. पण मग विरुद्ध बाजूलाही नीट शब्द हवेत. बाहेरून आलेलं सगळंच वाईट नसतं. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, चिंच आफ्रिकेतली. त्यांना घाणेरीच्या पंक्तीत बसवणं अन्याय आहे. आमच्या आजीच्या बोलण्यात यासाठी वेगवेगळी क्रियापदं होती. झाड आणलं, मग ते रुळलं, आणि काही बोकाळलं. चिंच रुळली. घाणेरी बोकाळली.

मेलबर्नवासी:

यापेक्षा नेमकं काही नको. इथल्या पर्यावरणखात्याच्या कागदांत याच तीन पायऱ्या असतात: आणलेली जात, स्थिरावलेली जात, आक्रमक जात. ‘आक्रमक’पेक्षा ‘बोकाळलेली’ मला जास्त खरा वाटतो; साळुंकी ढोल्या बळकावते ती हल्ला म्हणून नव्हे, आवरायला कुणी नाही म्हणून वाढत जाते.

डिंगोचं मात्र अवघड आहे. तो किमान तीन हजार वर्षांपूर्वी माणसांबरोबर समुद्र ओलांडून आला. म्हणजे आणलेला. पण हील्सव्हिलमध्ये तो देशज प्राण्यांतच मोजतात, आणि व्हिक्टोरियात २००८ पासून त्याची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत आहे.

शिक्षिका:

मी त्याला ‘रुळलेला’च म्हणेन. इतका रुळलेला की तिथल्या अन्नसाखळीत त्याची जागा पक्की झाली आहे. त्याला संरक्षण द्यायला ‘देशज’ ठरवण्याची गरज नाही.

धागाकर्ती:

डिंगोबद्दल मेलबर्नवासींशी सहमत. माझ्या लेखात तो देशजांत जाईल, कारण इथले मूळ रहिवासी त्याला हजारो वर्षं आपला मानत आले आहेत. पहिलं वाक्य असं लिहिते आहे: ‘हील्सव्हिलला फक्त ऑस्ट्रेलियातले देशज प्राणी आहेत, त्यांतला प्लॅटिपस ऑस्ट्रेलियाला प्रदेशनिष्ठ, एकिडना मात्र न्यू गिनीतही भेटतो.’ सांबर आणि साळुंकीसाठी वेगळी चौकट करते. तिचा मथळा: ‘आपल्याकडचे देशज, तिकडे बोकाळलेले’.