नदीचं पाणी, यूएफ आणि आरओ: जुना क्लॅरिफायर काढू का?

वाफेचा_धनी:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्याकडे नदीचं पाणी जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) क्लॅरिफायरला (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीला), तिथून वाळूच्या फिल्टरला आणि मग आरओला (विरघळलेले क्षार काढणाऱ्या मेम्ब्रेनला) जातं. आरओचं पाणी बॉयलरला. एरवी गढूळपणा १०-१५ एनटीयू, पण पुराचं पहिलं पाणी आलं की ८०० च्या वर. तेव्हा एसडीआय (पाणी मेम्ब्रेन किती चोंदवेल त्याचा आकडा) ५ च्या खाली उतरत नाही आणि आरओआधीची ५ मायक्रॉनची कार्ट्रिज गाळणी चार दिवसांत चोंदते. आरओच्या आधी यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांचं, गाळ अडवणारं मेम्ब्रेन) बसवायचं ठरलंय. विक्रेता म्हणतो क्लॅरिफायर काढा, यूएफ सगळं सांभाळेल. कुणी असं चालवलंय का?

जुना_शिफ्टवाला:
काढू नका. यूएफची छिद्रं ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची, गाळ अडवणारच. अडवलेला गाळ बाहेर कसा काढणार ते विचारा त्याला. १० एनटीयूला अर्ध्या तासाने बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) पुरतो, ८०० ला दहा मिनिटांतच लागेल, आणि बॅकवॉशला पाणी लागतं ते यूएफनेच गाळलेलं. म्हणजे पुराच्या दिवसांत निम्मा वेळ प्लँट स्वतःलाच धूत बसणार.

दुसरं, पॉलिमर. एकदा आमच्या रात्रपाळीने पूर आला म्हणून क्लॅरिफायरला कॅटायनिक पॉलिमर (गाळाचे कण एकत्र बांधणारं, धन भाराचं रसायन) सढळ हाताने सोडला. पाणी असं काचेसारखं निवळलं की सगळे खूश. दोन रात्रींत यूएफचा टीएमपी (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) ०.३ वरून १.१ बारवर. कॉस्टिक-हायपोने (कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायपोक्लोराइट) धुतलं, सायट्रिक आम्लाने धुतलं, पहिल्यासारखा झालाच नाही. मेम्ब्रेनवर ऋण भार असतो, जादा पॉलिमर तिथे जाऊन चिकटतो. जार टेस्ट (भांड्यात थोडं पाणी घेऊन डोस ठरवायची चाचणी) रोज करा, पूर असेल तर पाळीपाळीला. तुरटी वापरत असाल तर पीएच ६.५-७ च्या आसपास ठेवा. वर गेला की ॲल्युमिनियम विरघळलेलं राहतं आणि पुढे आरओत जाऊन बसतं.

वाफेचा_धनी:
आमचा पीएच ८.२ असतो. याकडे कधी पाहिलंच नव्हतं. बरं, यूएफ कुठलं घ्यावं? कोटेशनमध्ये फ्लक्स ९० एलएमएच (दर चौरस मीटर मेम्ब्रेनमधून तासाला ९० लिटर) धरलाय.

फायबरमास्तर:
नदीच्या पाण्याला पोकळ तंतूंच्या (फायबरच्या) बाहेरून आत पाणी जाणारं, पीव्हीडीएफ प्लास्टिकचं, एअर स्काउरिंगवालं (हवेच्या बुडबुड्यांनी धुणारं). ९० कागदावर छान दिसतं, तुम्ही ५०-६० मागा. थंडीचाही हिशेब धरा: पाणी २५ अंशांवरून १५ वर आलं की त्याचा चिकटपणा सव्वापटीहून जास्त वाढतो, तेवढाच दाबही वाढतो. यूएफच्या आधी १००-२०० मायक्रॉनचा स्वतः धुणारा स्ट्रेनर हवाच. एक शिंपला आत गेला तरी फायबर कापतो.

क्षारशत्रू:
विरघळलेलं मीठ आणि सिलिका यूएफमधून सरळ पलीकडे जातात, तो भाग आरओचाच. ७५ टक्के रिकव्हरीला (शंभरातलं पंचाहत्तर भाग पाणी गाळून मिळालं तर) रिजेक्ट, म्हणजे उरलेलं खारं पाणी, चौपट दाट होतो, म्हणजे ३० पीपीएम सिलिका १२० ला पोचते. २५ अंशांला सिलिका विरघळण्याची मर्यादा तिथेच येते. उन्हाळ्यातलं, नदी आटल्यावरचं पाणी तपासून घ्या, सगळे पुराचंच बघतात. आणि यूएफ धुवायला हायपो वापरणार, त्यातला थेंबभर जरी आरओला पोचला तरी त्याचं पॉलिअमाइडचं मेम्ब्रेन खाऊन टाकतो. एसएमबीएसचा (क्लोरीन मारणाऱ्या रसायनाचा) डोस आणि ओआरपी मीटर (क्लोरीन उरलाय का ते दाखवणारं), दोन्ही लावा. मीटरशिवाय नुसता डोस म्हणजे देवावर भरवसा.

जुना_शिफ्टवाला:
एसडीआयचे पॅड (चाचणीतल्या गाळणीच्या चकत्या) फेकता का? फेकू नका. वाळवून तारीख टाकून वहीत चिकटवा. तांबूस असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, रंग गेला तर लोह. हात लावल्यावर बुळबुळीत लागला तर जैविक. काळा-राखाडी असेल आणि आरओच्या आधी कार्बन फिल्टर असेल तर तिकडे बघा.

वाफेचा_धनी:
क्लॅरिफायर राहतोय, साहेबांना पटलं. विक्रेत्याकडून यूएफचं एक मॉड्यूल पायलटला (छोट्या चाचणीला) मागितलंय, पूर ओसरेपर्यंत चालवणार. आज पॅडवर थेंब टाकला. मधला तांबूस रंग गेला, कडेला पिवळट डाग तसाच आहे.

जुना_शिफ्टवाला:
म्हणजे लोह आणि कुजलेल्या पाल्याचं पाणी, दोन्ही आहे. पायलटला एक सफाई सायट्रिकची आणि एक कॉस्टिक-हायपोची ठेवा, पण टाकी मधे नीट धुवून. आम्ल आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.