खिम्याचा इटालियन सॉस : तुमची चव कुठे बिघडली आणि कशाने सावरली?

नौपाडेकर
काल रात्री साडेनऊ वाजता बंगळूरहून मुलीचा फोन आला. "आई, पास्त्याचा खिमा सॉस पार आंबटढाण झालाय, गूळ घालू का?" एवढेच तिने विचारले, आणि मला २००३ सालचे आमचे स्वयंपाकघर जसेच्या तसे आठवले.

लग्नाला सहा महिने झाले होते. कुठल्याशा मासिकातून कापून ठेवलेल्या कृतीवरून मी हा सॉस पहिल्यांदाच करायला घेतला होता, आणि पावसाळ्याचे दिवस असल्याने जांभळी नाक्यावरून आणलेले टोमॅटो पाणचट आणि आंबट निघाले. हाताला जी सवय होती तिच्याप्रमाणे मी सुपारीएवढा गूळ टाकला, मग गोड झाले म्हणून पुन्हा टोमॅटो, मग मिळमिळीत वाटले म्हणून मिरपूड, असे तासभर चालले. सासूबाईंनी चमचाभर चाखून अतिशय शांतपणे सांगितले, "चव वाईट नाही गं, पण ही चिंचगुळाची आमटी झाली. गोडा मसाला तेवढा राहिला."

गूळ आंबटपणा झाकतो, कमी करत नाही, त्यामुळे जिभेला दोन्ही वेगवेगळे लागत राहतात, हे मला पुढे बऱ्याच पातेल्यांनंतर उमगले. आमटीत आपल्याला नेमके तेच हवे असते. या सॉसमध्ये नको असते. मुलीला मी गूळ बाजूला ठेवून लोण्याचा एक गोळा घालायला आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर आणखी पाऊण तास शिजवायला सांगितले. आपापल्या चुकांतून असेच काही शिकलेल्यांनी इथे जरूर लिहावे.

चाळणी, वाशी
खिमा धुऊन तसाच ओला टाकणे ही माझी चूक होती, आणि ती मी निदान चार वर्षे इमानाने केली. मटण धुतल्याशिवाय चुलीवर चढवायचे नाही, हा आईचा दंडक होता. त्या ओल्या खिम्याला आणखी पाणी सुटायचे, तो त्या पाण्यात उकडून करडा व्हायचा, आणि वर टोमॅटो कितीही आटवला तरी सॉस आंबट पाण्यासारखाच लागायचा. पाणी आहे तोवर कढईतले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांस खरपूस होण्याची क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते, हे समजल्यावर मी धुतलेला खिमा फडक्यात पिळून, ताटात पसरून कोरडा करू लागले. आता अर्धा किलोचे तीन घाणे करून परतते. तळाला बदामी खरवड धरली की तीच खरी चव असते, ती वाइनने किंवा मटणाच्या पाण्याने सोडवून घ्यायची. मात्र खरवड काळी झाली असेल तर पातेले बदलावे, कारण तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही.

दुसरी गोष्ट चरबीची. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १७ ऑक्टोबर १९८२ रोजी रागूची, म्हणजे याच खिमा सॉसची, जी कृती नोंदवली गेली, तिच्यात ३०० ग्रॅम गोमांसाला १५० ग्रॅम पँचेटा, म्हणजे डुकराच्या पोटाचे खारवलेले चरबीदार मांस आहे, आणि टोमॅटोही ३०० ग्रॅमच आहेत. आपण मटणवाल्याला बजावून चरबी काढलेला बकऱ्याचा खिमा आणतो, त्यात किलोभर टोमॅटो ओततो, आणि मग आंबट झाले म्हणून हळहळतो! चरबीमुळे आंबटपणाची धार बोथट होते. थोडी राहू द्यावी.

शेंगदाणा, खारघर
माझी कथा सेलरीची, म्हणजे या सॉसमध्ये कांदा-गाजराबरोबर चिरून घालायच्या हिरव्या देठांच्या भाजीची आहे. शब्दकोशात सेलरीपुढे "अजमोदा" असे छापलेले होते, म्हणून मी वाण्याकडून अजमोदा मागितला, आणि त्याने ओव्यासारखे दिसणारे दाणे पुडीत बांधून दिले. कृतीत ५० ग्रॅम लिहिले होते. ५० ग्रॅम दाणे मी घातले नाहीत, एवढी अक्कल शाबूत होती, पण दोन चमचे घातले आणि घरभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास सुटला. यजमान अजूनही पास्त्याचे नाव काढले की "पोट दुखतंय का?" असे विचारतात.

चाळणी, वाशी
@शेंगदाणा, सेलरीचे देठ वाशीच्या बाजार समितीत मिळतात. जुडी मोठी असते, तेव्हा उरलेले बारीक चिरून, गाजर आणि कांद्याबरोबर तेलात परतून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. हे मिश्रण घाई न करता वीस मिनिटे मंद आचेवर परतले, तर गोडवा कांदा-गाजरातूनच येतो आणि साखरेचा डबा उघडावा लागत नाही.

कोपरीचे काका
आम्ही दूध घातले आणि ते फाटले. सॉसमध्ये पनीर तरंगू लागले. सौभाग्यवतींनी त्याला नवा पदार्थ म्हणून वाढले आणि पाहुण्यांनी कृती लिहून घेतली.

नौपाडेकर
काका, पाहुणे भले होते. टोमॅटो उकळत असताना थंड दूध एकदम ओतले की असेच होते. त्या १९८२च्या नोंदीत टोमॅटोचा आंबटपणा सौम्य व्हावा म्हणून दूध शेवटाकडे घातले आहे. मी मात्र टोमॅटोच्या आधी, परतलेल्या खिम्यातच घालून ते पूर्ण आटू देते, म्हणजे फाटण्याचा प्रश्नच येत नाही. २०२३मध्ये ही नोंद सुधारली, तेव्हा दूध ऐच्छिक ठरले आणि टोमॅटोही कमी झाले. इटालियन पाककृतींच्या जुन्या पुस्तकाचे लेखक पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी १८९१मध्ये छापलेल्या बोलोन्याच्या मॅकरोनीत तर टोमॅटो नव्हताच.

रात्रपाळी, ऐरोली
कामावर निघण्यापूर्वी घाईत लिहीत आहे. मी कुकर लावते, कारण तीन तास गॅसपाशी उभे राहणे मला शक्य नाही. चार शिट्ट्यांत खिमा मऊ होतो, पण कुकरमधले पाणी आटत नाही, त्यामुळे सॉस पचपचीत राहतो आणि चव एकजीव होत नाही. त्यावर माझा उपाय असा की शिट्ट्या झाल्यावर तोच कुकर उघडा ठेवून अर्धा तास आटवायचा आणि मीठ त्यानंतरच घालायचे. एकदा सुरुवातीलाच चवीपुरते मीठ घातले होते. सॉस निम्म्यावर आला, वर चीज किसले आणि मिठाच्या पाण्यात उकडलेला पास्ता मिसळला, तेव्हा समुद्रच ताटात आला.

कोपरीचे काका
पास्त्याच्या पाण्यात मीठ किती घालावे?

चाळणी, वाशी
१०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हा सोपा हिशेब आहे. पण काका, सॉस आधीच खारट असेल तर सात ग्रॅमवर थांबावे.

तिसरा मजला, घोडबंदर रोड
आंबट कमी करायला खाण्याचा सोडा घालतात असे ऐकून मी चमचाभर घातला. पातेले फसफसून ओट्यावर आले, आणि खाली उरले त्याला साबणाची चव होती. अर्धा किलो टोमॅटोला दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याहून कमी सोडा पुरतो, तोही पहिल्यांदा निम्माच घालून चाखावा. आंबटपणा पूर्ण गेला तर टोमॅटो मेल्यासारखा लागतो. आमच्या घरी दारू चालत नसल्याने वाइनऐवजी एकदा कोकमाचे आगळही घालून पाहिले आहे. आगळात मुळातच भरपूर मीठ असते, हे मी कोकणातली असूनही विसरले. माहेरी हा प्रसंग अद्याप कळलेला नाही.

दिवाळे बंदर
इथे सगळे आंबट, गोड आणि खारट यांविषयीच लिहीत आहेत, म्हणून मी वेगळे सांगतो. बकऱ्याच्या खिम्याचा सॉस मला नेहमी अर्धवट वाटायचा; मीठ योग्य, आंबट योग्य, तरी घास संपला की तोंडात काही उरत नसे. आमच्या आजीने एकदा चाखले आणि न विचारता भाजलेली सुकट चुरून चिमूटभर टाकली. मासळीचा वास आला नाही, पण सॉस भरून आला. इटलीतही काही सॉसमध्ये खारवलेली लहान मासळी तेलात विरघळवतात, हे मला नंतर कळले; बोलोन्याच्या रागूत ती नसते, तिथले हे काम पँचेटा आणि मुरलेले चीज करतात. मात्र चिमूट ओलांडली की जवळ्याचे कालवण होते.

शेंगदाणा, खारघर
@दिवाळे बंदर दादा, आजींना नमस्कार सांगावा. पण लसूण आणि ओरेगॅनो कोणीच कसे लिहिले नाही?

दिवाळे बंदर
ताई, त्या नोंदवलेल्या कृतीत दोन्ही नाहीत. आमच्या घरी मात्र लसूण पडतोच, त्याशिवाय आजी जेवत नाही.

नौपाडेकर
कन्येचा आत्ताच निरोप आला. लोणी घातले, पाऊण तास शिजवले, आणि सॉस उत्तम झाला. गूळही तिने फोन करण्यापूर्वीच घातलेला होता.