मदत हवी आहे: कोर्टातल्या बेलिफाला पुरस्कार द्यायचा, परवानगी कुणाची?

आमचं तालुक्याच्या गावातलं वाचनालय ९ नोव्हेंबरला, राष्ट्रीय विधी सेवा दिनी, एक छोटा पुरस्कार सुरू करतंय. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, पण लागू झाला १९९५ साली याच तारखेला, म्हणून हा दिवस. न्यायाधीश-वकिलांचे सत्कार होतातच. आम्हाला पक्षकाराची पायपीट कमी करणारी माणसं हवी आहेत.

दोन नावं ठरलीत. एक विधी स्वयंसेविका. लोकअदालतीत दावा मिटला की कोर्ट फी परत मिळते, हे त्या वस्तीवस्तीवर जाऊन सांगतात. त्यांची अडचण नाही.

दुसरे बेलिफ, म्हणजे कोर्टाचं समन्स घरी पोचवणारे कर्मचारी. समन्स नुसतं हातात टेकवून निघत नाहीत. ओट्यावर बसून वाचून दाखवतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून देतात. मी स्वतः पाहिलंय. पण ते अजून नोकरीत आहेत, आणि सरकारी कर्मचाऱ्याच्या सत्काराला वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगी लागते असं वाचलं. चौकशी केली तर 'अर्ज द्या' एवढंच तोंडी उत्तर मिळालं.

रोख रक्कम नाही. शाल, मानपत्र, पुस्तकं. निवड समितीतल्या एकांचा दावा त्याच कोर्टात चालू असल्याने त्यांना बाजूला ठेवलंय. निवृत्तीपर्यंत थांबायचं नाही, कामाचं कौतुक काम चालू असतानाच व्हावं.

अर्ज प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे संस्थेने करायचा की बेलिफांनी स्वतः? आणि कुणी असं केलं असेल तर किती दिवस आधी दिला होता?