तीन प्रोटॉनचा हिशेब

एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन असलेला रेणू. तो बनवायला पटलातून प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन) जावे लागतात. 'एका एटीपीला तीन प्रोटॉन' असं गणित कुणी मांडलं तर ते ढोबळमानाने चालून जाईल, पण तो आकडा सगळ्या सजीवांना सारखा लागू होत नाही. एटीपी बनवणारं विकर (एन्झाइम) म्हणजे एटीपी सिंथेज. त्याचा पटलात रुतलेला भाग म्हणजे सी-उपघटकांचं, म्हणजे सारख्याच प्रथिन-तुकड्यांचं, एक कडं. मधला दांडा या कड्याला पटलाबाहेरच्या 'डोक्या'शी जोडतो आणि एटीपी त्या डोक्यात बनतो. एका प्रोटॉनमागे ते एक घर सरकतं आणि पूर्ण फेरी झाली की डोक्याकडून तीन एटीपी सुटतात. आता घरं, म्हणजे सी-उपघटक, मोजा: गाईच्या मायटोकाँड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) ८, यीस्टमध्ये १०, पालकाच्या हरितलवकात तब्बल १४. म्हणजे गाईचं काम एका एटीपीमागे २.७ प्रोटॉनमध्ये भागतं, पालकाला ४.७ मोजावे लागतात. (मायटोकाँड्रियात एटीपीसाठी लागणारं फॉस्फेट आत आणायला आणखी एक प्रोटॉन जातो, तो वेगळाच.) अपूर्णांक बघून दचकू नका. मधला दांडा थोडा पीळ खातो, त्यात हा फरक जिरतो.

'प्रोटॉनची ऊर्जा एटीपीतला फॉस्फेटचा बंध जोडण्यात खर्च होते' असं कुणी म्हटलं तर ते मात्र पटत नाही. या विकराचं काम उलगडणारे जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बॉयर यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं: जोडणी डोक्यातल्या खाचेत जवळपास फुकटात होते, खरा जोर लागतो तो घट्ट चिकटलेला एटीपी सोडवायला. आणि फिरणं ही नुसती कल्पना नाही. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी हे डोकं काचेवर पक्कं बसवलं, दांड्याला अ‍ॅक्टिनचा (एका प्रथिनाचा) चमकता धागा जोडला आणि एटीपी घातलं, म्हणजे यंत्र उलटं चालवलं. सूक्ष्मदर्शकाखाली धागा गरगर फिरू लागला, तोही एकाच दिशेने!