अल्झायमरच्या संशोधनात निरोगी माणसांना घेतात का?

माटोळी_फोंडा:
नमस्कार मंडळी, वय 56, फोंड्याजवळ राहतो. आईला अल्झायमर होता, गेल्या वर्षी गेली. चतुर्थीला माटोळीची सगळी फळंपानं नावानिशी सांगणारी बाई, शेवटी मलाच विचारायची "तूं कोण रे?" आता मला एखादं नाव आठवलं नाही की पोटात गोळा येतो. वाचलं की विसरायला लागायच्या 15-20 वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, म्हणून धडधाकट माणसंही संशोधनाला हवी असतात. मला नाव द्यायचंय, कुठं विचारू? बायको म्हणते आपणहून सुया टोचून घ्यायला जाणार, डोकं ठिकाणावर आहे ना, म्हटलं तेच तपासून घ्यायचंय.

बार्देशची_माई:
मी नर्स होते, आता रिटायर. आधी हे बघा की अभ्यास कसला आहे. एकात फक्त वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात, रक्त, एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या, औषध काही नाही. बेंगळुरूच्या आयआयएस्सीतलं (भारतीय विज्ञान संस्था) ब्रेन रिसर्च सेंटर कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुराच्या गावांत असंच करतं, 45 च्या पुढची माणसं घेऊन. दुसरी म्हणजे औषधाची ट्रायल, तिथं तुम्हाला औषध मिळालं की प्लॅसिबो (दिसायला तसंच, पण आत औषध नाही) ते तुम्हालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही. अमेरिकेत ए-फोर नावाची मोठी ट्रायल झाली, 65 ते 85 वयाचे, मेंदूत अमायलॉइड असलेले पण लक्षणं नसलेले 1169 लोक, त्यातल्या साधारण निम्म्यांना साडेचार वर्षं सोलानेझुमॅब हे अमायलॉइडवरचं औषध दिलं, बाकीच्यांना प्लॅसिबो, आणि 2023 ला निकाल आला की काहीच फरक नाही. त्या लोकांचं मात्र मला कौतुक वाटतं.

कुणी बोलावलं तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, रजिस्ट्रेशन नंबर मागा, 2009 पासून भारतात ट्रायलची तिथं नोंद सक्तीची आहे, नंबर द्यायला कांकूं केली की फोन ठेवा.

सत्तरीकार:
माई तुमचं ठीक आहे पण गरिबाला गिनिपिग करतात हो. उद्या काय झालं तर कोण बघणार?

बार्देशची_माई:
भीती खोटी नाही बाबा, पूर्वी झालंयही तसं. पण 2019 च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही, आणि मधेच कारण न सांगता बाहेर पडता येतं. कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) तुम्हाला कळेल त्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा, तिथल्या तिथं सही नको.

डिचोलीचा_बाप्पा:
ट्रायल मिळेल तेव्हा मिळेल, तोवर कान तपासून घ्या. हसू नका. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) 14 कारणं दिलीत, ती सगळी आटोक्यात आली तर जगातले 45 टक्क्यांच्या आसपास डिमेन्शिया टाळता किंवा पुढं ढकलता येतील, आणि त्यात बहिरेपण मोठं कारण आहे, शिवाय बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, एकटेपणा, आणि जास्तीची दारू (फेणीवाल्यांनी नोंद घ्यावी). माझे बाबा ऐकू येत नाही म्हणून भजनाला जायचे बंद झाले, मग देवळाच्या कट्ट्यावरही नाही, दोन वर्षांत पार घुमे झाले. यंत्र बसवलं तोवर उशीर झाला होता असं मला वाटतं, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. आणि नुसतं सुडोकू सोडवून होत नाही, फिनलंडच्या ट्रायलमध्ये 1260 पैकी निम्म्या लोकांना 2 वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरची तपासणी असं सगळं एकदम दिलं तेव्हा कुठं फरक दिसला.

माटोळी_फोंडा:
कानाचं वाचून दाखवलं तर बायको म्हणाली टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ झालाय. सोमवारी जातो. बेंगळुरूला पण मेल टाकतो, गोंयकाराला घेतात का विचारायला.